चपला विसरणारे मास्तर



आत्ता नववीच्या मुलांनी पुलंचे 'चितळे मास्तर' सादर केले. मास्तर झालेला मुलगा चपला रंगमंचावरच सोडून विंगेत गेला आणि सगळा मांडव हसला. मग वर्गातली एक मुलगी त्या चपला उचलून त्याच्या मागे धावली. मुलांनो, हे तुम्हाला तालमीत कुणी सुचवले कोण जाणे, पण विनोदाचे मर्म तुम्हाला अचूक सापडले आहे. चपला विसरणारा हा माणूस वर्गातले एकही पोर विसरत नाही. त्याचे सगळे लक्ष पोरांत गुंतलेले, पायांकडे बघायला ते उरतच नाही.

चितळे मास्तर ज्या पुस्तकातले, त्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले मास्तर आपल्याला बाकावरून दिसतात, विद्यार्थ्याच्या नजरेने. कथाकार द. मा. मिरासदारांची बसायची जागा मात्र टेबलापलीकडची. पुण्यात आधी शाळेत आणि मग गरवारे महाविद्यालयात त्यांनी मुलांना शिकवले. 'व्यंकूची शिकवणी', 'ड्रॉइंग मास्तरांचा तास' या कथा याच माणसाच्या. मुलांचा खट्याळपणा त्यांनी रोज समोर पाहिला आणि त्यावर जीव लावून लिहिले. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह त्यांनी कथाकथन गावोगावी नेले. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्यापैकी कुणीतरी ते नक्की ऐकले असेल.

मुलांनो, शिक्षकांची नक्कल जरूर करा. खडू धरण्याची ढब, 'कळलं का?' हे पालुपद, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणे, हे सगळे उचला. त्यासाठी माणूस आधी नीट पाहावा लागतो. मात्र कुणाचे अडखळणारे बोलणे, विरलेला सदरा किंवा जात यांवर हशा घेऊ नका. तसला हशा मला नाटकात नको असतो, कितीही टाळ्या पडल्या तरी.

मुख्याध्यापिका बाई, माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी संहिता मुलांना स्वतः लिहू द्या, याच शाळेतल्या शिक्षकांवर. पहिले वाचन शिक्षकांसमोरच होऊ द्या. कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते गाळायचे, ते सगळ्यांनी मिळून ठरवावे. आणि त्या वाचनाला मला बोलवा, मी नक्की येईन.