गुडघाभर रायण

(मंडळीच्या हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



चार वर्षांपूर्वी इथेच उभी राहून मी आपल्याकडे रोपांसाठी दान मागितलं होतं. आपण ते मोठ्या मनाने दिलंत. पुढच्या अंकात रोपलावणीचा फोटो आला, त्यात मीही फावडं घेऊन उभी आहे. त्या फोटोतली बहुतेक रोपं आज जिवंत नाहीत. दान आपलं होतं, म्हणून हे आपल्याला सांगितलंच पाहिजे.

आमचं काम डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर आहे. तिथे पाऊस धो धो पडतो, पण चार महिनेच. पुढचे आठ महिने माळ कोरडा. दिवाळी झाली की निम्मा पाडा मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जातो, तो पावसाच्या तोंडावर परत येतो. मी नेली होती आंब्याची कलमं, पेरू, लिंबू. त्यांना पहिले दोन उन्हाळे तरी पाणी द्यावं लागतं. देणार कोण? घरांना कुलपं. धर्मशास्त्राच्या डिप्लोमात हे शिकवत नाहीत, पण डोळे उघडे ठेवले असते तर मला ते दिसलं असतं.

त्या लावणीत ४० रोपं रायणीची होती. रायण म्हणजे खिरणी. आपल्यापैकी कित्येकांनी ती लहानपणी द्रोणातून विकत घेऊन खाल्ली असेल, पिवळी, बोटाच्या पेराएवढी, खाल्ल्यावर ओठांना चीक लागणारी. हे आपल्या मातीतलं, बारा महिने हिरवं राहणारं झाड. पान जाड, चामड्यासारखं, टोकाला बारीक खाच. एप्रिल-मेमध्ये साग उघडाबोडका उभा असतो तेव्हा गुरं आणि माणसं रायणीखाली बसतात. फळही तेव्हाच पिकतं, घरातला तांदूळ संपत आलेला असतो त्या दिवसांत. फळं वाळवून ठेवता येतात. मूळ खोल जातं, म्हणून मोठ्या झाडाला पाणी घालावं लागत नाही.

मग माझी रायण का मेली? मी तिचे लाड केले म्हणून. रोपवाटिकेत दोन वर्षं पिशवीत, सावलीत, रोज झारीने पाणी. वर पानं छान तुकतुकीत, पण खाली सोटमुळाने पिशवीच्या बुडाशी वेटोळं केलं होतं. लावल्यावर ते मूळ खाली गेलंच नाही. होळीपर्यंत अर्धी वाळली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली.

पाड्यावरच्या एका काकींनी मला लावतानाच सांगितलं होतं, "ताई, रायण पिशवीत नको. बी टाक, करवंदीच्या जाळीत टाक." मी हसून मान हलवली आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले. माझ्याकडे खड्ड्यांची यादी होती ना!

दुसऱ्या वर्षी मेमध्ये त्यांच्याच मागे फिरले. झाडाखालची ताजी, पिकलेली फळं गोळा करायची. गर पाण्यात चोळून काढायचा. तरंगणाऱ्या बिया फेकायच्या, बुडालेल्या ठेवायच्या. एक दिवस सावलीत सुकवायच्या. बी काळपट, चकचकीत आणि टणक असते, म्हणून खरबरीत दगडावर थोडी घासून रात्रभर भिजवायची. साठवून ठेवायची नाही, जुनी बी नीट रुजत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की एका जागी तीन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल, करवंदीच्या कडेला. काट्यामुळे शेळी तोंड घालत नाही आणि कोवळ्या रोपाला सावलीही मिळते. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध, त्यावर दगड.

अशा ६० जागा पेरल्या. तीन पावसाळे झाले, आज ३१ जागी रोप आहे. उंची? सगळ्यात मोठं माझ्या गुडघ्याएवढं. रायण फार हळू वाढते. फळ धरायला आणखी कित्येक वर्षं जातील.

काकींची जमीन वनपट्ट्याची आहे, २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेली. तो पट्टा विकता येत नाही, वारसांना मात्र मिळतो. मी विचारलं, "काकी, एवढं थांबायचं?" त्या म्हणाल्या, "मी कुठली खाते! नातू भट्टीवरून येईल तेव्हा झाडाला काही असावं."

आपण चिकू खाता. घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. इथे त्याचं कलम बांधतात ते रायणीच्या रोपावर. म्हणजे फांदी परदेशी आणि मूळ आपल्या रानातलं. पौलाने रोमकरांस पत्रात जैतुनाच्या कलमाचा दाखला दिला आहे, तिथे रानटी फांदी चांगल्या मुळावर येते. इथे उलटं आहे. पाळकसाहेबांनी यावर कधीतरी उपदेश करावा, मी धाडस करत नाही. पण त्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला आमचीच माणसं जातात, एवढं सांगते.

आता मागणं. यंदा मला रोपांसाठी पैसे नकोत. रोप मरतं ते लावल्यानंतर. जानेवारीत प्रत्येक रोपाभोवतीचं गवत हातभर कापावं लागतं, नाहीतर उन्हाळ्यात माळाला लागलेला वणवा एका दुपारी सगळं नेतो. काटेरी कुंपण दरवर्षी नवं करावं लागतं. भट्टीवर न जाता मागे राहणाऱ्या दोन-तीन बायकांना या कामाची मजुरी द्यायची आहे, निदान पाच वर्षं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही. अहवालात मी दरवर्षी एकच आकडा देईन, किती जगली. तो कमीही होईल. यंदा तो ३१ आहे.

आणि मे महिन्यात बिया धुवायला माणसं लागतील. तरुण संघातून कोणी येणार असेल तर सभेनंतर मला भेटा. जुने कपडे घालून या, चीक धुऊन निघत नाही.