आग मुळाशी, बंब पानाशी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



परसातला आंबा आजारी पडला, की लोक एक पान खुडून पिशवीत घालतात आणि कृषी सेवा केंद्रात नेऊन विचारतात, ‘यावर काय मारू?’ दुकानदार बाटली देतो. त्याला तरी का दोष द्यावा? ज्याने पान दाखवलं, त्याला पानाचंच औषध मिळणार. आपल्याकडे म्हण आहे ना, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तशातला प्रकार. मला आज एवढंच सांगायचं आहे, की औषध कोणतं हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की गेल्या चार-पाच वर्षांत या झाडाभोवती आपण काय केलं?

चार-पाच वर्षं म्हणतो, कारण मोठ्या झाडाच्या खोडात आणि मुळांत पिष्टाचा साठा असतो. मुळं दुखावली तरी त्या शिलकीवर ते काही वर्षं पालवत राहतं. मग शेंडे वरून वाळू लागतात, पालवी आखूड येते, आणि आपण म्हणतो, ‘यंदा अचानक काय झालं कोण जाणे!’ अचानक काही झालेलं नसतं. मागे कधीतरी ड्रेनेजसाठी चर खणला होता, गाडी लावायला फरशी घातली होती, नाहीतर हौसेने पार बांधून खोडाभोवती हात-दीड हात माती भरली होती.

म्हणून तपासणी खालून सुरू करा. निरोगी खोड जमिनीशी येताना रुंदावतं, मुळांचे खांदे दिसतात. ते विजेच्या खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल, तर तिथे भराव झाला आहे. अन्नपाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोनेक फुटांच्या थरात असतात आणि झाडाच्या सावलीपलीकडेही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. काँक्रीट दोन्ही वाटा बंद करतं. अशा झाडाला खताचं पोतं देऊन उपयोग नाही. फरशी काढा, भराव हलक्या हाताने उतरवा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून पालापाचोळा अंथरा, आणि पाणी फांद्यांच्या घेराखाली द्या, बुंध्यावर नको.

मग खोड पाहा. सालीतून लाकडाचा भुसा बाहेर येत असेल, तर आत भिरूड आहे. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही अळी, बोटाएवढी वाढते आणि लाकूड पोखरते. वरून कितीही फवारा, ती आत सुखरूप असते. छिद्र साफ करून तारेच्या आकड्याने तिला बाहेर ओढायचं, मग शिफारस केलेल्या कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत सारून चिखलाने तोंड लिंपायचं. फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसला, तर ते बांडगूळ. ते स्वतःचं अन्न पानांत करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे ओढतं. नुसता झुपका ओरबाडला तर पुन्हा फुटतो. पक्ष्यांनी त्याच्या चिकट बिया पसरवण्याआधी, म्हणजे फळं धरण्यापूर्वी, ते जिथे रुजलंय त्याच्या फूटभर खालून फांदी कापावी.

कापायचं कसं, हेही महत्त्वाचं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून पाहिली. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं, ही त्यांची मांडणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. त्या कड्याच्या बाहेर कापा. ते सफाचट छाटलं, की भिंत घालायची जागाच गेली. ढोलीत सिमेंट भरणंही सोडून द्या, त्याने कुज थांबत नाही.

आपल्याकडे कापावर बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. बुरशी रोखायला ती उपयोगी, पण चुकीचा काप ती सुधारत नाही. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडं टाळा. तयार मिश्रणात चाकूचं पातं बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

पानाची पाळी आत्ता. पान खोटं बोलत नाही, पण पुष्कळदा दुसऱ्याचा निरोप सांगतं. काळी काजळी दिसली की लोक हादरतात. बोटाने पुसा, निघाली तर ती पानात शिरलेलीच नाही. तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट्यावर ती वाढते, तेव्हा बंदोबस्त किडीचा करायचा. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्या, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी पडतंय. ते असं हलवता येत नाही.

पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. जिवंत भाग सालीलगत असतो. मात्र बुंध्याशी अळंब्या उगवल्या, खोड तडकलं किंवा नव्याने कललं, तर जाणकाराला बोलवा. तोडायची वेळ आलीच, तरी शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आणि वाचवायचं ठरवलंत, तर पुढच्या मोहोरावरून निकाल लावू नका. दुखणं उमटायला चार-पाच वर्षं लागली असतील, तर उताराही एका पावसात पडणार नाही. तोवर दर महिन्याला नवी बाटली आणण्याचा मोह आवरणं, हीच सगळ्यांत अवघड शुश्रूषा आहे.