संगणकांचे जाळे व संयमाचा नियम

(भोसरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सेवानिवृत्त शिक्षक. संगणकांच्या जाळ्यासारख्या नव्या विद्येवर बोलण्याचा आमचा अधिकार तो किती! परंतु गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने हा विषय आम्हांस या वयात शिकावयास लावला. जे समजले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या आळीतील एक हुशार मुलगी प्रवेशाचा अर्ज भरावयास शेवटच्या रात्री बसली. तिच्यासारखेच असंख्य विद्यार्थी त्याच घटकेस बसले होते. अर्ज पुढे सरकेना. आम्ही शेजारी बसून ‘पुन्हा दाब, पुन्हा दाब’ असे सांगत राहिलो. मुदत टळली व पहिल्या फेरीचा प्रवेश हुकला. आमच्या सल्ल्याने गर्दीत भरच पडत होती, हे आम्हांस मागाहून उमगले.

जाळ्यातून मजकूर जातो तो लहान लहान पाकिटांच्या रूपाने. वाटेत टपालकचेऱ्यांप्रमाणे ठाणी असतात. ठाण्यावरील रांग भरली की मागून येणारी पाकिटे टाकून दिली जातात. पोच न मिळाल्यामुळे पाठविणारा संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवितो, आणि गर्दी अधिकच वाढते. कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावर प्रत्येकजण वाहन पुढे घुसवितो आणि कोणीच हलत नाही, तसाच हा प्रकार.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत हेच घडले. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील अंतर अवघे ४०० यार्ड. पण तेथील वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधून १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. त्यासाठी नव्या तारा ओढाव्या लागल्या नाहीत, की मध्ये हवालदार उभा करावा लागला नाही. आरंभ बेताने करावा, पोच येईल तसा वेग वाढवावा, आणि पाकीट हरवताच आपण होऊन माघार घ्यावी, एवढाच तो नियम. आजही जगाची बरीचशी वाहतूक याच तत्त्वावर चालते.

त्याच १९८६ साली भारत सरकारने ‘अर्नेट’ हे शिक्षणसंस्थांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी सहभागी होत्या. सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आज भोसरीतील लहान कारखान्यांतही कामाचे नकाशे व मागण्या याच वाटेने येतात.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. पहिली, मंडळाच्या कार्यालयात अर्ज भरण्याची सोय मुदतीच्या आठ दिवस आधी व्हावी, आणि जाणत्या तरुणांनी तेथे तासभर बसावे. दुसरी, आपल्या मुलामुलींनी केवळ हे जाळे वापरण्यात समाधान न मानता ते सांभाळण्याची व सुधारण्याची विद्या शिकावी.

त्या मुलीने दूरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला असून ती आज संगणकशास्त्रच शिकत आहे. आमची चूक तिने मनावर घेतली नाही. आपण मात्र ती विसरू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.