उसळत्या घोड्याचे शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले, की माझे आयुष्य पागेत गेले. व्यासपीठाचा मला सराव नाही. त्यावर ते म्हणाले, "मग पागेतलेच काही सांगा." त्यांच्या या आज्ञेचा आधार घेऊन मी आज एका घोडीची हकीकत आणि तिच्यामुळे मला उशिरा उमगलेली एक गोष्ट आपणांपुढे ठेवणार आहे.

आपल्यातील काही घराण्यांच्या जुन्या कागदपत्रांत शिलेदार, बारगीर, पागा हे शब्द अद्याप आढळतात. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, हा भेद आपल्या पूर्वजांना कोणी समजावून द्यावा लागत नसे. आज घोडा आपल्या अंगणातून गेला आणि वरातीपुरता उरला. तेव्हा हा विषय कोणास परका वाटल्यास त्यांनी क्षमा करावी.

ज्या स्पर्धेस आज 'इव्हेंटिंग' म्हणतात, तिचा जन्म घोडदळात झाला. १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत ती प्रथम घेण्यात आली, त्या वेळी तीत केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. स्त्रियांना या स्पर्धेत ऑलिंपिकची वाट मोकळी व्हावयास १९६४ साल उजाडले. एकाच घोड्याने व एकाच स्वाराने तीन परीक्षा द्यावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखीव मैदानात शांत व डौलदार चाली दाखविणे. दुसरी क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरान, पाणी आणि चढउतार ओलांडीत भक्कम अडथळ्यांवरून वेगाने जाणे. वरच्या श्रेणीत हा वेग मिनिटाला ५७० मीटर असतो. तिसरी शो-जंपिंग. तेथील रंगीत दांड्या खुराच्या धक्क्यानेही खाली येतात. दांडी पडली की ४ गुणांचा दंड. क्रॉस-कंट्रीत घोड्याने अडथळा एकदा नाकारला की २० गुणांचा.

आता यातील मर्म असे, की दुसऱ्या परीक्षेस जो आवेश लागतो, तोच पहिल्या व तिसऱ्या परीक्षेत घात करतो. थंड घोडा ड्रेसाज उत्तम करील, पण पाण्यात उडी घेताना कचरेल. उसळता घोडा पाण्यात बेधडक जाईल, पण त्याला चौकोनात शांत ठेवताना स्वाराची त्रेधा उडेल. म्हणून बलवान आणि उत्सुक घोडा हे एकाच वेळी भाग्यही आहे आणि संकटही. त्याची उत्सुकता मारून त्याला शिकवावे, की ती राखून शिकवावे, हा माझ्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

१९९१ साली मी पुण्याजवळच्या एका पागेत तरुण स्वारांना शिकवीत होतो. तेथे शर्यतीतून निवृत्त झालेली एक सहा वर्षांची घोडी आली. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक इंग्रजी होते. पागेत तिला सगळे मैना म्हणत. अडथळा दिसला की तिचे कान टवकारत, अंग ताठे आणि ती त्यावर अक्षरशः झेप घेई. पहिल्या आठवड्यातच मी मालकांना म्हणालो, की अशी घोडी दहा वर्षांत एकदा मिळते. मात्र ती आवरत नसे. स्वाराने लगाम खेचला, की ती दुप्पट जोराने पुढे ओढी.

मग मी तेच केले, जे पुष्कळ शिक्षक करतात. तिच्या तोंडातील साधे कडियाळे काढून लांब दांड्यांचे व साखळीचे कडक कडियाळे घातले. पंधरा दिवस घोडी आज्ञाधारक झाल्यासारखी दिसली आणि मी स्वतःवर खूष झालो. सोळाव्या दिवशी माझी एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी तिच्यावर होती. अडथळा तीन फुटांचाही नव्हता. तोंडाला हिसका बसेल या भीतीने घोडीने ऐन उडीच्या वेळी मान वर फेकली, पाठ खाली दबली, पाय दांड्यांत अडकले आणि दोघीही कोसळल्या. मुलीच्या गळ्याजवळचे हाड मोडले. घोडी उठली तेव्हा तिच्या ओठांच्या कडेला रक्त होते. त्यानंतर तिने अडथळ्यासमोर उभे राहण्यासच नकार दिला. मालकांनी तिला विकण्याचे ठरविले. अशा घोड्यांच्या वाट्यास पुढे काय येते, हे पागेतील माणसास सांगावे लागत नाही.

मुलीची आई मला भेटावयास आली. मी बोलणी खाण्याच्या तयारीने उभा होतो. त्या माउलीने एवढेच विचारले, "चूक घोडीची होती, की तुमची?" मी म्हणालो, "माझी." "मग विकता कोणाला?" असे म्हणून ती निघून गेली. त्या संध्याकाळी मी मालकांकडे सहा महिन्यांची मुदत मागितली.

त्या पागेत एक वृद्ध मोतद्दार होते. अक्षरओळख बेताची, पण तीन पिढ्यांचा धंदा हाच. मी त्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, "साहेब, रस्सीखेचीला दोन बाजू लागतात. तुम्ही ओढता म्हणून ती ओढते. तुम्ही दोर सोडलात, तर ती एकटी काय ओढणार?"

या एका वाक्यात सारे शास्त्र होते. शर्यतीचा घोडा लगामावर भार टाकून पळावयास शिकलेला असतो. जॉकीने लगाम घट्ट धरला, म्हणजे त्याला तो धावण्याचाच आधार वाटतो. आम्ही जिला 'थांब' म्हणत होतो, ती आपल्या शिक्षणाप्रमाणे 'धाव' ऐकत होती. घोडी उद्धट नव्हती. आमची भाषाच चुकीची होती. पुढे मी झेनोफन या ग्रीक सेनानीचा अश्वविद्येवरील ग्रंथ वाचला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील त्या ग्रंथात तेजस्वी घोड्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा रोख असा, की अशा घोड्यास एकाएकी काहीही करू नये; सौम्य खुणा व दीर्घ, शांत रपेट यांनीच तो निवतो. आमच्या मोतद्दारांनी हा ग्रंथ पाहिलाही नव्हता. विद्या कोणाच्या घरी वस्तीस असेल याचा नेम नाही, हे ज्ञातीच्या मेळाव्यात मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी घोडीचे शरीर तपासले. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात व असमान झिजून त्यांना धार येते; मैनाच्या गालाला आतून जखमा होत्या. खोगीर तिच्या मानेच्या मुळाशी रुतत होते. दिवसातील बहुतेक वेळ ती ठाणावर बांधलेली असे आणि खुराक मात्र धावत्या घोड्याचा. आम्ही दात घासून घेतले, खोगीर बदलले, हरभरा व धान्य कमी करून गवत वाढविले आणि तिला रोज काही तास मोकळ्या कुरणात सोडले. जिला आपण मस्ती म्हणत होतो, तिचा बराचसा भाग दुखणे आणि कोंडमारा होता. बिघडलेल्या प्रत्येक घोड्याच्या बाबतीत हीच पहिली पायरी असावी.

दुसरी पायरी जमिनीवरच्या चालींची. साधे कडियाळे पुन्हा आले. पहिले सहा आठवडे एकही उडी नाही; केवळ चाल, दुडकी आणि २० मीटर व्यासाची वर्तुळे. येथे तिला 'हाफ-हॉल्ट' शिकविला. मी विद्यार्थ्यांना त्याचे नाव अर्धविराम असे सांगतो, कारण वाक्यात अर्धविराम जे करतो तेच हा करतो; वाक्य थांबत नाही, फक्त श्वास घेते. स्वाराने पाठ सरळ करावयाची, मांड घट्ट करावयाची, बोटे क्षणभर मिटावयाची आणि लगेच उघडावयाची. सारे रहस्य त्या उघडण्यात आहे. धरणे ही आज्ञा, तर सोडणे हे बक्षीस. जो सोडीत नाही, त्याची आज्ञा घोडा ऐकेनासा होतो.

तिसरी पायरी दांड्यांची. दुडक्या चालीसाठी साडेचार-साडेचार फुटांवर दांड्या जमिनीवर ठेवल्या. मैना त्यांवरून कधी चालत गेली, कधी मध्येच थांबली, कधी शेजारून निघून गेली. दांडी म्हणजे हल्ला करावयाची वस्तू नव्हे, हे तिला पटावयास महिना लागला. ती उतावीळ झाली, तर आम्ही तिला वर्तुळात वळवीत असू. मात्र अडथळ्यापासून पुरेशा दूर अंतरावर. अगदी तोंडाशी वळविल्यास घोडा उडी टाळावयास शिकतो, आणि तो रोग उतावीळपणाहून वाईट.

चौथी पायरी ओळीने मांडलेल्या अडथळ्यांची. दुडकीने प्रवेश, पहिल्या अडथळ्याच्या अलीकडे ९ फुटांवर एक दांडी, पुढे १८ फुटांवर दुसरा अडथळा, त्यापुढे २१ फुटांवर तिसरा. उंची दोन फुटांपेक्षा अधिक नाही. कँटरमध्ये घोड्याचे एक पाऊल सुमारे १२ फुटांचे असते. त्या हिशोबाने दोन अडथळ्यांमध्ये एकच पाऊल बसते. धावून गेल्यास जागा पुरत नाही. म्हणून घोडा आपणहून वेग आवरतो, पाठ गोल करतो आणि विचार करू लागतो. लगामाने जे शिकविता आले नाही, ते मोजलेल्या जमिनीने शिकविले. स्वारास एकच ताकीद होती, की हात घोड्याच्या तोंडामागून जाऊ द्यावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या घोडदळातील फेदेरीको काप्रिली यांनी उडीच्या वेळी स्वाराने पुढे झुकून घोड्याची मान व पाठ मोकळी सोडावी असा पाठ घालून दिला. त्यापूर्वी स्वार मागे रेलत आणि त्यांचा भार घोड्याच्या तोंडावर येई.

येथे माझी आणखी एक चूक कबूल करतो. तिसऱ्या महिन्यात घोडी सुधारलेली पाहून मी एका दिवशी अडथळे एकदम वाढविले. ती पुन्हा धावू लागली. दोष तिचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्याने जमिनीवरच्या दांड्यांकडे परतलो आणि तीन आठवडे तेथेच राहिलो.

शेवटची पायरी मोकळ्या रानाची. आरंभी एका वृद्ध, शांत घोड्याच्या मागून. चढावर वेग, सपाटीवर आराम. ओढ घेणाऱ्या घोड्यासाठी लगामाचे दोन्ही पट्टे एकमेकांवर धरून मानेवर टेकविण्याची एक युक्ती आहे. मग घोडा स्वाराच्या हाताशी न झगडता स्वतःच्याच मानेशी ओढ घेतो आणि थोड्या वेळाने कंटाळतो. अडथळ्याच्या बऱ्याच आधी स्वाराने खांदे मागे घेऊन तोल व लय साधावी आणि नंतर घोड्यास त्याचे काम करू द्यावे. ऐन उडीशी केलेला झगडा दोघांनाही महागात पडतो.

ती मुलगी बरी होऊन परत आली आणि तिने मैनाच मागितली. पुढच्या हंगामात एका लहान स्थानिक स्पर्धेत दोघी उतरल्या. ड्रेसाज बेताचे झाले. क्रॉस-कंट्रीत एकही अडथळा नाकारला गेला नाही. शो-जंपिंगमध्ये एक दांडी पडली. बक्षीस मिळाले नाही. पण मैदानाबाहेर येताना लगाम सैल होता, घोडीची मान खाली होती आणि कान अजूनही टवकारलेले होते. मालकांनी विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही. मैना त्या पागेतच म्हातारी झाली आणि कित्येक मुलांनी तिच्यावर पहिली उडी घेतली.

या विद्येत आपला देश मागे नाही. १९८२ सालच्या दिल्ली आशियाई सामन्यांत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि भारतीय संघानेही सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली जकार्ता येथे फवाद मिर्झा यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. संघालाही रौप्यपदक मिळाले. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते २३वे आले. आपल्या मुलामुलींपैकी कोणास या वाटेची आवड असेल, तर ती केवळ राजेरजवाड्यांची वाट आहे असे समजून त्यांना परतवू नये.

बंधुभगिनींनो, माझे सांगणे संपले. जोर असलेल्या जिवाला आवरण्यासाठी आपला जोर वाढविणे, हा मला प्रथम सुचलेला उपाय होता. त्याची किंमत एका मुलीने आणि एका मुक्या जनावराने भरली. त्या जोराला लय, जागा आणि विश्वास देणे हा दुसरा उपाय. तो सावकाश फळतो, पण टिकतो. घोड्यापलीकडे याचा उपयोग कोठे करावा, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. आपण घरोघरचे वडीलधारे आहात, आपण जाणताच.