राखीव गडी

श्रोतेहो, आमच्या चांदूर रेल्वेकडे सामना असला की एखादं पोर दिवसभर राखीव बसतं अन् तसंच घरी जातं. त्याला मी अमरावतीच्या जितेश शर्माची गोष्ट सांगतो. हा यष्टिरक्षक २०१६ व २०१७ साली मुंबई इंडियन्सच्या चमूत होता. सामना एकही मिळाला नाही. तो विदर्भाकडून खेळत राहिला. आयपीएलचा पहिला सामना २०२२ साली पंजाबकडून मिळाला, तेव्हा वय २८. पुढे २७ मे २०२५ रोजी लखनौत, बदली कर्णधार असताना, त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून बंगळूरला जिंकून दिले. शिक्षकहो, राखीव पोरालाही रोज सराव द्या. पाळी सांगून येत नाही. आल्यावर शिकायला सवड नसते.