बोर्डिंगची चूल एक कीं पांच?

(बोईसर-तारापूर बाजूच्या एका गांवीं भरलेल्या पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



मी कांहीं वक्ता नव्हें. सुताराचा पोर, मराठी ट्रेनिंग कॉलेजांत शिकून मास्तर झालों आणि वीस-पंचवीस वर्षें खडू झिजवीत आहें. तेव्हां बोलण्यांत कांहीं वेडेंवांकडें आलें तर पोटांत घाला.

आजची सभा कशाची, हें आपणांस ठाऊक आहे. आपलीं शेतकऱ्यांचीं, सुतारांचीं, कुंभारांचीं, डाय घडविणारांचीं घरें मिळून वर्गणी काढणार, आणि कॉलेजांत पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलांमुलींसाठीं नालासोपाऱ्याला चार खोल्या घेणार. दोन मुलांच्या, दोन मुलींच्या. विचार सोन्यासारखा आहे. परंतु नियमांचा जो कच्चा मसुदा आपण वाचला, त्यांतलें सातवें कलम माझ्या घशाखालीं उतरत नाहीं. त्यासाठींच उभा राहिलों आहें.

आधीं मुलाची गोष्ट सांगतों. बारावीपर्यंत हुशार असलेलें आपलें मूल कॉलेजच्या पहिल्याच वर्षीं गळतें, हें मीं इतक्यांदा पाहिलें आहे कीं मोजणें सोडून दिलें. तें मूर्ख असतें म्हणून गळत नाहीं. डहाणू लोकल २०१३ सालीं सुरू झाली, मुंबई जवळ आली, असें आपण म्हणतों. पण भल्या पहांटे गांव सोडून बोईसर स्टेशन गांठायचें, तेथून गाडी, बहुधा विरारला ती बदलायची, आणि संध्याकाळीं तेंच उलटें! घरीं येऊन पोर पुस्तक उघडतें आणि पुस्तकावरच डोकें टेकतें. दिवाळीपर्यंत रेटतें, मग कारखान्याच्या गेटावर ठेकेदाराला विचारायला जातें.

बरें, खोली घेऊन राहिलें तरी सगळें सुरळीत होतें असें नाहीं. पहिल्या रात्रीं झोंप येत नाहीं. वर्गांत प्रोफेसर इंग्रजींत बोलतो. विचारावें तर पोरें हंसतील. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर भरावयाचा, त्यांत एक अक्षर चुकलें तर वर्षाची फी बापाच्या बोकांडीं. खानावळींतली आमटी पाणचट. अशा वेळीं शेजारच्या खाटेवर आपल्याच बोलीचा, एक वर्ष पुढचा पोर असला, आणि तो नुसता म्हणाला, “अरे, माझेंहि असेंच झालें होतें,” तर गळणारें मूल टिकतें. बोर्डिंगचा खरा उपयोग हा आहे. छप्पर काय, धर्मशाळेंतहि मिळतें.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं हें फार आधीं ओळखलें होतें. त्यांनीं १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढलें. दार सर्वांना उघडें; पण आंत भरणा झाला तो ब्राह्मण मुलांचाच. खेड्यांतलें पोर त्या दारापर्यंत पोंचतच नव्हतें, आणि पोंचलें तरी आंत त्याला परकें वाटे. तेव्हां महाराजांनीं दुसरी वाट धरली. १९०१ सालीं मराठ्यांचें बोर्डिंग निघालें, त्याच सालीं जैनांचें. १९०६ सालीं मुसलमानांचें, १९०७ सालीं लिंगायतांचें, १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. पुढें शिंपी, नाभिक, सारस्वत, ख्रिस्ती असे एकामागून एक. ज्या त्या समाजानें आपलें घर म्हणून पैसा घालावा, आपलें घर म्हणून मूल धाडावें, ही युक्ति. कांहीं शहाणे म्हणतात कीं महाराजांनीं जाती पक्क्या केल्या. मला तें पटत नाहीं. पाटीवर आपलें नांव दिसल्यावांचून ज्या आईचा हात पोराच्या पाठीवरून सुटत नव्हता, त्या आईसाठीं ती पाटी होती.

पण पाटीची दुसरी बाजूहि ऐका. त्या जैन बोर्डिंगांत भाऊराव पाटील नांवाचा विद्यार्थी राहात होता. अस्पृश्य मुलांच्या बोर्डिंगच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यांत आलें, आंघोळ करून आंत ये. तो म्हणाला, करणार नाहीं. त्याला बोर्डिंग सोडावें लागलें! याच भाऊरावानें १९१९ सालीं काले गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. तेथें महार, मराठा, मुसलमान, जैन पोरें एका चुलीवर आळीपाळीनें भाकऱ्या थापीत आणि एका पंगतीला जेवीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं गांधींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव दिलें गेलें. दाणे संपले तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धां. आयाबहिणींनो, त्या बाईचा विचार करा. ज्यांच्यासाठीं तिनें गळा मोकळा केला, त्यांतले किती पोर तिच्या जातीचे होते?

आतां आपलें सातवें कलम. “प्रत्येक ज्ञातीची चूल निराळी राहील, आदिवासी मुलांस सरकारी वसतिगृहें असल्यामुळें प्रवेश नाहीं.” लिहिणाराचें मन वाईट नाहीं, हें मी जाणतों. जागा थोडी, पैसा थोडा. पण मी तुम्हांस माझीच एक गोष्ट सांगतों. ती आजवर कोणाला सांगितली नाहीं.

ट्रेनिंग कॉलेजाच्या पहिल्या वर्षीं मी एका ज्ञातीच्या बोर्डिंगांत होतों. तेथें मला फार सुख लागलें, तें नाकारणार नाहीं. माझ्या वर्गांत वारली पाड्यावरचा एक पोर होता. अक्षर मोत्यासारखें. वसतिगृहांत नांव लागलें नव्हतें म्हणून तो एस. टी. स्टँडवर निजत असे. एका रात्रीं पाऊस कोसळूं लागला, तेव्हां मी त्याला घेऊन आलों. गृहपतींनीं त्याला बाहेर ओट्यावर कागदावर भात-आमटी वाढली, आणि जेवून झाल्यावर जा म्हणून सांगितलें. मी आंत पंगतींत बसलों होतों. मी उठलों नाहीं. ताटांतला भात संपविला, आणि वर ताकहि प्यालों. पंधरा दिवसांनीं त्याचा बांक रिकामा झाला. हल्लीं तो तारापूरच्या एका कारखान्यांत ठेक्यावर पिंपें उचलतो. रस्त्यांत भेटला कीं हंसून “काय मास्तर!” म्हणतो. खरा मास्तर तो व्हावयाचा होता.

त्याचीच मुलगी यंदां बारावी पास झाली आहे. तिला नर्सिंगला जावयाचें आहे. तुम्ही म्हणाल, सरकारी वसतिगृह आहे ना? आहे. जागा मिळाली नाहीं तर २०१६ सालीं निघालेली स्वयं योजनाहि आहे. तींत राहण्या-जेवण्याचे पैसे मुलाच्या खात्यांत येतात. पण यादी लागेपर्यंत आणि पैसे खात्यांत पडेपर्यंत ती पोर कोठें निजणार? तोंवर कॉलेज थांबत नाहीं. सरकारचें आहे म्हणून आपण दार लावावें, तर मग आपल्याहि मुलांस सरकारच्या सवलती आहेतच. आपण तरी वर्गणी कां काढतों?

आणि चुलीचें म्हणाल तर हिशेबानेंच पाहा. चार खोल्यांत पांच चुली म्हणजे पांच गॅस, पांच शेगड्या, आणि सकाळीं सातच्या लेक्चराला निघणाऱ्या पोरांची पांच ठिकाणीं कटकट. मांसमच्छीचा प्रश्न निघेल. तर ज्याला नको त्याचें ताट आधीं वाढावें. आपल्या लग्नांत करतों तसें.

पाटीवर आपल्या घरांचीं नांवें असूं द्या, मला हरकत नाहीं. सातवें कलम मात्र खोडावें, आणि दर वर्षीं दोन जागा वर्गणी न देणाऱ्या घरच्या मुलांस ठेवाव्या, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षांनीं ती मतास टाकावी. ती पडली तरी माझी वर्गणी मी परत मागणार नाहीं. आणि पास झाली, तर भांडी विकत घेण्याआधीं माझ्याकडे कोणाला तरी धाडा. बहिणीच्या लग्नांतलें मोठें पातेलें माळ्यावर पडून आहे. वीस माणसांचा भात त्यांत सहज शिजतो. कल्हई तेवढी करून घ्यावी लागेल.