रात्रीची मासेमारी आणि कामकऱ्याची फुरसत



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. तीस वर्षे आम्ही याखेरीज फारसे काही बोललेलो नाही. आम्ही मात्र 'तळ्यावरची रात्रीची मासेमारी' असा विषय कळवला. चिटणिसांनी ते पत्र दोनदा वाचले, असे मागाहून समजले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा बोलण्यात काही उणे आढळले तर आपण सांभाळून घ्यावे.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत, अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल शहरी नोकरीला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने आम्हाला दोन महिने तिकडे नेले. त्याचा शेजारी साठीच्या पुढचा, टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि रबर कामगारांच्या संघटनेचा जुना सभासद. आम्ही युनियनचे आहोत हे कळल्यावर त्याने आमच्याशी ज्या आपुलकीने हात मिळवला, तिला भाषांतराची गरज पडली नाही. चार दिवसांनी तो म्हणाला, रात्री मासे धरायला चला. परवाना आधी काढायला लावला, आणि मगच आम्हाला होडीत बसवले.

ते तळे म्हणजे गंटर्सव्हिल. तळे म्हणायचे इतकेच. खरे तर ते टेनेसी नदीवरील धरणाचे पाणी आहे. धरण १९३९ साली पुरे झाले. पाण्याचा पसारा सुमारे ६९,००० एकर आणि लांबी पाऊणशे मैल. १९३३ साली निघालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाने ते बांधले. हे सरकारी मंडळ आपल्याला अगदीच परके नाही. १९४८ साली आपल्याकडे दामोदर खोरे निगम स्थापन झाला, तो याच नमुन्यावर.

तिथे जो मासा धरतात त्याचे नाव लार्जमाउथ बास. रुंद जबड्याचा, हिरवट अंगाचा, बाजूने काळा पट्टा असलेला हा शिकारी मासा आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि जवळ येईल ते तोंडात ओढायचे, ही त्याची रीत. नर आपल्या अंड्यांची राखण करतो, हा त्याचा एक सद्गुण.

आता हा मासा रात्री का धरतात? भर उन्हाळ्यात दिवसा पाणी तापते, मोटारबोटींची वर्दळ असते, आणि मासा खोलात किंवा दाट वनस्पतींखाली जातो. रात्र पडली की तो काठाकडे उथळ पाण्यात येतो. त्याला अंधुक उजेडात बरे दिसते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेषा असते. तिच्यामुळे पाण्यातला थरकाप त्याला कळतो. म्हणून रात्रीचे आमिष दोन गोष्टींवर बेतलेले असते. ते खळबळ करणारे हवे, आणि रंगाने काळे हवे. आम्हाला वाटले, अंधारात काळे कोणाला दिसणार? शेजाऱ्याने आकाशाकडे बोट दाखवले. मासा खालून वर पाहतो. वरच्या आकाशाला थोडा तरी उजेड असतोच, आणि त्यावर काळी आकृतीच सर्वांत ठळक उमटते.

होडीच्या नाकावर लाल-हिरवा दिवा आणि मागे पांढरा, असे दिवे लावून आम्ही निघालो. गवताच्या कडेला आल्यावर मोठे इंजिन बंद झाले. त्याने दोऱ्याला जे काळे आमिष बांधले त्याचे नाव जिटरबग. पुढे वाटीसारखी धातूची पट्टी असते. ओढले की ते डावी-उजवीकडे डुलत पाण्यावर गुडगुड आवाज करीत येते. हे आमिष फ्रेड आर्बोगास्ट याने १९३८ साली बाजारात आणले, ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी. रात्री वापरतात ती दुसरी वस्तू म्हणजे मऊ प्लास्टिकचा किडा. तो निक क्रीम याने १९४९ साली, त्याच ॲक्रनमध्ये, स्वतःच्या घरच्या चुलीवर प्लास्टिक वितळवून तयार केला. ॲक्रन हे नाव ऐकताच आम्ही सावरून बसलो. ते टायरचे गाव. रबर कामगारांची संघटना १९३५ साली तिथेच स्थापन झाली, आणि १९३६ च्या आरंभी तिथले कामगार कारखान्यात यंत्रांशेजारीच ठाण मांडून बसले. त्या बैठ्या संपाचे वर्णन आम्ही कचेरीतल्या कपाटात वाचले होते. त्याच गावातून मासे धरण्याची ही खेळणी निघाली, हे मात्र कपाटाने सांगितले नव्हते.

पहिला मासा आमच्या हातून गेला. अंधारात धबकन आवाज झाला आणि आम्ही लगेच हिसका दिला. आमिष रिकामेच उडून होडीवर आदळले. शेजारी हसला आणि म्हणाला, आवाजावर ओढू नका. हाताला वजन लागेल तेव्हा ओढा. बंधूंनो, संपाच्या बाबतीतही आम्ही तरुणपणी हीच चूक केली होती. सभेतल्या टाळ्यांचा आवाज ऐकून काठी ओढली, आणि वजन मागाहून पाहिले. तो संप पंधरा दिवसांत मोडला आणि अकरा माणसे घरी बसली. ते शल्य अजून जात नाही.

मध्यरात्रीनंतर आमच्या दोऱ्याला खरोखर वजन लागले. मासा दीडेक किलोचा असेल. खालच्या ओठात अंगठा घालून तो उचलायचा असतो. दात काचकागदासारखे बारीक लागतात. शेजाऱ्याने गळ सोडवला आणि मासा अलगद पाण्यात सोडून दिला. आम्ही विचारले, मग धरला कशाला? तो म्हणाला, आज खायची गरज नाही म्हणून. त्याच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मंदीच्या काळात धरलेला मासा चुलीवरच जाई. हे अगदी खरे आहे. या माशाचा जो विक्रम आजवर कोणी मागे टाकलेला नाही, २००९ साली जपानात फक्त त्याची बरोबरी झाली, तो शेजारच्या जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या गरीब शेतकरी तरुणाने केला. मासा २२ पौंड ४ औंसांचा होता. तोलून झाला आणि घरच्यांनी तो खाल्ला. धरून सोडण्याची चाल बास माशाच्या बाबतीत रुळली ती १९७० नंतर. पोट भरल्यावरच खेळ सुचतो, आणि खेळ सुचला की माणूस पाण्यातल्या जिवाचाही विचार करू लागतो.

आमच्या यजमानाने नोकरीतली बरीच वर्षे दुसरी पाळी केली. रात्री अकराला भोंगा झाला की तो तडक तळ्यावर जाई. दिवस कारखान्याने घेतला म्हणून तो रात्री मासे धरू लागला. पाणी तापते वगैरे शास्त्र मागाहून कळले. पण ती रात्र त्याला आयती मिळाली नव्हती. तिच्याखाली तीन दगड आहेत, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला दगड वेळेचा. १८८७ साली शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी माणसे फासावर गेली. त्यानंतर अर्धे शतक उलटल्यावर, १९३८ च्या कायद्याने तिथे आठवड्याचे तास बांधले गेले. आधी ४४ आणि १९४० पासून ४०. त्यापुढे काम केले तर दीडपट मजुरी. शेतमजुरांना त्यातून वगळले, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि १८९० साली ती मिळवली. रविवारी आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे.

दुसरा दगड पाण्याचा. ते तळे सरकारी पैशाने झाले, म्हणून कोणीही परवान्यानिशी तिथे होडी सोडू शकतो. मासळीच्या देखभालीसाठीही सोय आहे. काठ्या, रिळे, आमिषे यांवर दहा टक्के कर आहे, आणि १९५० च्या कायद्याने तो पैसा माशांच्या जोपासनेसाठी राज्यांना दिला जातो. खेळणाऱ्यानेच खेळाचे मैदान राखायचे, अशी ही व्यवस्था आहे. पण त्या पाण्याखाली हजाराहून अधिक कुटुंबांची घरे होती. त्यांना उठावे लागले. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इतरांच्या आनंदासाठी ज्यांनी जागा सोडली, त्यांची आठवण त्या पाण्यावर बसणाऱ्याने ठेवावी.

तिसरा दगड प्रवेशाचा. सरकारी पाणी म्हणजे सर्वांचे पाणी, असे आपण समजतो. त्याच नदीवर वरच्या अंगाला चिकमॉगा नावाचे तळे आहे. तिथे काळ्या लोकांसाठी वेगळे उद्यान ठेवले होते, कारण इतर उद्यानांची दारे त्यांना बंद होती. कायद्याने ती भिंत पाडली १९६४ साली. आपल्याकडे सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडला. ते कामगारांचेही पुढारी होते. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. ठराव कागदावर असतो; पाण्याला हात लावावा लागतो.

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. आमचे वडील मुंबईत एका गिरणीच्या साचाखात्यात होते. वर्षानुवर्षे तिसरी पाळी. दिवसा ते झोपत, म्हणून आम्हा पोरांना आई चाळीच्या गॅलरीत बसवी आणि तोंडावर बोट ठेवी. रात्र म्हणजे त्यांच्या लेखी साच्यांचा खडखडाट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या सगळ्या रात्री मोकळ्या झाल्या. पण झोप येईना. ते गॅलरीत कठड्याला धरून उभे राहत. आम्ही विचारले, बाबा, काय बघता? ते म्हणाले, काही नाही रे, रात्र बघतो. एवढी मोठी असते हे ठाऊक नव्हते. गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि त्या रात्रींचे काय करावे हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

गंटर्सव्हिलच्या त्या होडीत, हाती काठी धरून, आम्ही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा रात्र बघितली. पोटाची भीती नसलेली, कोणाला विकलेली नसलेली. आमच्याशेजारी वडील बसलेले असते तर, एवढाच विचार पहाटेपर्यंत मनात होता.

म्हणून आपल्याला विनंती अशी. उद्या कुठल्याही कामगाराचे मागणीपत्रक लिहाल, तेव्हा पगाराच्या कलमाखाली तासांचे कलम तितक्याच जाड अक्षरात लिहा. आपल्या गावातले तळे, नदीचा घाट, मैदान यांना कोणी कुंपण घालू लागला तर नगरपालिकेत जाऊन विचारा. आणि रातपाळीहून आलेला शेजारी दिवसा झोपला असेल, तर त्याच्या दारापुढे हळू बोला. कामकऱ्याची फुरसत ही चैन नाही. ती त्याच्या मजुरीचाच न मोजलेला भाग आहे.